'ब्रिमफुल ऑफ आशा'च्या मागे राहून गेलेला अल्बम

1998 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर पहिल्या नंबरला जे गाणं गेलं, त्याच्या नावातच आपल्या आशाताई होत्या. 'ब्रिमफुल ऑफ आशा'. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले! गाण्यात लताबाई आणि रफीसाहेबांचंही नाव येतं. हा किस्सा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात आणि तिथेच थांबतात. ते गाणं ज्या अल्बममधलं, तो 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' मात्र फारसा कुणी ऐकलेला नसतो. आपल्याकडेच नाही, तिकडेही.

बँडचं नाव कॉर्नरशॉप. 1991 मध्ये लेस्टर शहरात सुरू झालेला. गाणारा आणि लिहिणारा तजिंदर सिंग, सोबत गिटारवर बेन एअर्स. आता हे नाव बघा. ब्रिटनमध्ये भारतीय-पाकिस्तानी माणूस म्हटला की नाक्यावरचा दुकानदार, अशी एक ठरलेली थट्टा होती. या पोरांनी तीच थट्टा उचलली आणि बँडच्या पाटीवर लावून टाकली. आता बोला!

त्यामागे राग होता आणि त्याला कारणही होतं. तजिंदर मूळचा वुल्वरहॅम्प्टनचा. याच शहरातून खासदार झालेल्या इनॉक पॉवेल यांनी 1968 मध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं, 'रक्ताच्या नद्या' या नावाने ओळखलं जाणारं. त्या हवेत वाढलेली ही पिढी. 1992 मध्ये मॉरिसी हा बडा गायक लंडनच्या मैफलीत युनियन जॅक घेऊन वावरला आणि तो वंशवाद्यांशी सलगी करतोय, असा आरोप झाला. तेव्हा कॉर्नरशॉपने ईएमआय कंपनीच्या ऑफिसबाहेर त्याचा फोटो जाळला. सुरुवातीची त्यांची गाणीही तशीच, खरखरीत आणि चिडलेली.

पुढची पाच वर्षं ब्रिटपॉपची. ओएसिस, ब्लर, गिटारवर रंगवलेला झेंडा. 1997 च्या मे महिन्यात टोनी ब्लेअर निवडून आले आणि 'कूल ब्रिटानिया'चा गजर सुरू झाला. या वरातीत गोऱ्यांशिवाय चेहरे जवळजवळ नव्हतेच. भारत होता, पण सजावटीपुरता. कुला शेकर या गोऱ्या पोरांच्या बँडचं 'गोविंदा' हे संस्कृत गाणं 1996 मध्ये टॉप टेनमध्ये जाऊन आलं होतं.

आणि 1997 च्या सप्टेंबरमध्ये हा अल्बम आला. राग गेला नव्हता, पण आता तो नाचायला लागला होता. साधे, पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे कॉर्ड, खाली हिप-हॉपचा ठेका, मध्येच सतार, तंबोरा आणि ढोलकी. एका ठिकाणी अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्ग स्वतःची कविता वाचतात. अल्बम निघायच्या काही महिने आधीच ते वारले होते. एक गाणं चक्क कंट्री ढंगाचं, पॉला फ्रेझरसोबतचं. सगळंच जमलंय असं नाही. शब्दांविनाचे काही तुकडे रेंगाळतात. पण घरात हिंदी सिनेमाची गाणी आणि बाहेर रॉक, अशा दोन्हींत वाढलेल्या माणसाचं डोकं आतून कसं असतं, ते इथे ऐकू येतं.

खरी कमाल शेवटच्या गाण्यात आहे. 1965 मध्ये बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली आणि पाश्चात्त्य पॉपला तिचं वेड लागलं. तजिंदरने तेच गाणं उचललं आणि पंजाबीत गायलं. भाषण नाही, घोषणा नाही. तुम्ही आमचं वाद्य नेलंत, आम्ही तुमचं गाणं आमच्या घरच्या भाषेत आणलं. हिशेब चुकता!

मग अल्बम मागे का पडला? मूळ 'ब्रिमफुल' 1997 मध्ये चार्टवर 60 व्या नंबरपर्यंतच गेलं. रेडिओवरच्या जॉन पील यांच्या श्रोत्यांनी त्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं, अमेरिकेच्या 'स्पिन' मासिकाने अल्बमला वर्षातला पहिला नंबर दिला. पण खपाचं गणित वेगळं. नॉर्मन कुक म्हणजेच फॅटबॉय स्लिम याने गाण्याचा वेग वाढवून रिमिक्स केलं आणि तेच पहिल्या नंबरवर गेलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते पार्टीतलं गाणं. ते कुणी आणि का लिहिलं, हे विसरलं गेलं.

माणसाला त्याच्या धंद्यावरून, गावावरून नाव ठेवायची खोड एकट्या ब्रिटनची नाही. आपल्या बाजारपेठेत उभं राहून दहा मिनिटं कान दिलात तरी कळेल. म्हणून हा अल्बम आजही जुना वाटत नाही.

सवडीने ऐका मंडळी. आधी मूळ संथ 'ब्रिमफुल', मग थेट शेवटचं पंजाबी 'नॉर्वेजियन वुड'. मधलं सगळं त्यानंतर आपोआप ऐकाल.