नवेगाव बांध: जंगलातला हा तलाव कुणी बांधला आणि तिथे इतके पक्षी का येतात?

थंडी पडली की नवेगाव बांधचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात. चहूबाजूंनी डोंगर, मधे पाणी, वर धुकं. बघणाऱ्याला वाटतं, ही निसर्गाचीच करणी. पण नावातच 'बांध' आहे, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही!

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव माणसांनी बांधलाय, तोही शेतीसाठी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातला कोहळी समाज तलाव बांधण्यात पटाईत. डोंगरांमधल्या फटीत मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि उतारावरच्या धानाला सोडायचं, असा साधा हिशोब. नवेगावच्या तलावाचं श्रेय 18व्या शतकाच्या सुरुवातीच्या कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. या भागात असे शेकडो जुने तलाव आहेत. सरकारी भाषेत ते 'माजी मालगुजारी', म्हणून लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. मामांचा इथे काही संबंध नाही.

1975 साली इथलं सुमारे 134 चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वन अधिकारी म्हणून इथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं, ते जायच्या आधी जरूर वाचा.

आता पक्ष्यांचं. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू उतरतं आणि काठाला उथळ, चिखलाची पट्टी उघडी पडते. पाणवनस्पतींचे कंद, गोगलगाई, किडे, सगळं तिथेच. म्हणून बदकं आणि लांब पायांचे पक्षी काठाला गोळा होतात. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून विदर्भातल्या तलावांवर उतरतात.

पण नुसतं पाणी असून भागत नाही. तलावात बेशरम माजली की देशी वनस्पती जातात, मासे घटतात, मग पक्षीही पाठ फिरवतात. याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायकांनी काही तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. आमच्या मते फोटोंपेक्षा ही बातमी जास्त फिरायला हवी.

जायचं असेल तर गोंदियाहून रस्त्याने साधारण 65 किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी उत्तम; पावसाळ्यात सफारी बंद असते. बोटीत बसलात तर थव्याच्या जवळ न्यायचा हट्ट नावाड्याकडे करू नका. पक्षी उडाले की व्हिडिओ छान येतो, पण प्रत्येक उड्डाणात परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च होते. ड्रोन तर नकोच, जंगलात त्याला परवानगी नसते. पक्षी बघायला पहाटे मनोऱ्यावर बसणं सगळ्यात बरं. दुर्बीण घ्या आणि स्वेटर विसरू नका, पाण्यावरून येणारा वारा बोचतो.