‘बॉम्बे’ रक्तगट : ‘ओ’ म्हणून नोंद झालेल्या दुर्मीळ रुग्णाचे निदान आणि उपचार

मुंबई : रुग्णाचा रक्तगट ‘ओ’ असल्याची नोंद कागदोपत्री असते, रक्तपेढीत ‘ओ’ गटाचे रक्तही उपलब्ध असते, मात्र जुळणी चाचणीत (क्रॉसमॅच) एकही पिशवी रुग्णाच्या रक्ताशी जुळत नाही. शस्त्रक्रियेच्या किंवा प्रसूतीच्या तोंडावर अशी स्थिती उद्भवल्यास भारतात ज्या शक्यतांचा विचार आधी करावा लागतो, त्यांत ‘बॉम्बे’ रक्तगटाचा समावेश होतो.

हा आजार नव्हे. या गटाची व्यक्ती सर्वसाधारण निरोगी आयुष्य जगते आणि अनेकांना आपल्या वेगळेपणाची कल्पनाही नसते. रक्त चढवण्याची वेळ आली की मात्र तिला केवळ बॉम्बे गटाच्याच दात्याच्या तांबड्या पेशी चालतात. अशा रुग्णाचे निदान साध्या व स्वस्त चाचणीने होऊ शकते. ती चाचणी वगळली गेल्यास परिणाम जीवघेणा ठरू शकतो.

शोध १९५२ चा

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचे वर्गीकरण मांडले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या वर्गीकरणात न बसणारे रक्त आढळले. अशा तीन व्यक्तींची माहिती देणारा त्यांचा शोधनिबंध १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्तगटशास्त्रातील ब्रिटिश तज्ज्ञ आर. आर. रेस आणि रूथ सँगर हेही त्याचे सहलेखक होते. ज्या शहरात हा गट सापडला त्याचेच नाव त्याला मिळाले. पुढे शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे नाव मात्र जगभर ‘बॉम्बे’ असेच राहिले.

भारतात साधारणतः दहा हजार व्यक्तींमागे एक, तर युरोपात सुमारे दहा लाखांमागे एक, असे याचे प्रमाण सांगितले जाते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि लगतच्या प्रदेशांत तो तुलनेने अधिक आढळतो. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांतही त्याची नोंद झाली आहे.

शरीरात नेमके काय घडते

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील ‘ए’ आणि ‘बी’ हे प्रतिजन थेट तयार होत नाहीत. त्यासाठी आधी ‘एच’ नावाचा पायाभूत प्रतिजन लागतो. या पायावर विशिष्ट शर्करा जोडली गेली की ‘ए’ किंवा ‘बी’ गट तयार होतो. काहीच जोडले गेले नाही, तर नुसता ‘एच’ उरतो. तोच ‘ओ’ गट. म्हणजेच ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘एच’चे प्रमाण सर्वाधिक असते.

‘एच’ तयार करणारे विकर एफयूटी-१ या जनुकावर अवलंबून असते. आई आणि वडील अशा दोघांकडून या जनुकाची निकामी प्रत मिळाली, तर ‘एच’ तयार होत नाही. पायाच नसल्याने ‘ए’ वा ‘बी’ची जनुके शाबूत असूनही त्यांचे प्रतिजन पेशींवर उमटत नाहीत. शरीराला हे तिन्ही प्रतिजन परके असल्याने त्यांच्या विरोधातील प्रतिपिंडे रक्तद्रवात निसर्गतःच निर्माण होतात. त्यांपैकी ‘एच’विरोधी प्रतिपिंड शरीराच्या तापमानालाही प्रभावी असते. म्हणूनच आणीबाणीत सर्वांना चालणारे मानले जाणारे ‘ओ निगेटिव्ह’ रक्त बॉम्बे गटाच्या रुग्णाला घातक ठरते.

निदान कसे होते

रक्तगट तपासण्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात व्यक्तीच्या पेशी ‘ए’विरोधी आणि ‘बी’विरोधी द्रावणांत मिसळतात. बॉम्बे गटाच्या पेशी दोहोंनाही प्रतिसाद देत नाहीत आणि निष्कर्ष ‘ओ’ असा निघतो. काचपट्टीवर झटपट केलेली तपासणी बहुधा इथेच थांबते.

दुसऱ्या, उलट तपासणीत व्यक्तीचा रक्तद्रव ज्ञात गटांच्या पेशींत मिसळला जातो. खऱ्या ‘ओ’ गटाच्या व्यक्तीचा द्रव ‘ए’ आणि ‘बी’ पेशींचे पुंजके करतो, ‘ओ’ पेशींना मात्र काहीही करत नाही. बॉम्बे गटाच्या व्यक्तीचा द्रव ‘ओ’ पेशींचेही ठळक पुंजके करतो. निदान या एका जादा परीक्षानळीवर अवलंबून असते.

‘ओ’ पेशींशी प्रतिक्रिया दिसण्यास अन्य कारणेही असू शकतात. त्यामुळे रुग्णाचा द्रव त्याच्या स्वतःच्या पेशींशी तपासला जातो. बॉम्बे गटात तिथे प्रतिक्रिया येत नाही. ती आल्यास स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांचा संशय घेतला जातो. यानंतर गॉर्स या काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळवलेल्या ‘एच’विरोधी द्रावणाने रुग्णाच्या पेशी तपासतात. ‘ओ’ पेशींचे पुंजके होतात, बॉम्बे पेशींचे होत नाहीत. लाळेतही ‘एच’ आढळला नाही, तर निदान पक्के होते. लाळेत ‘एच’ असून पेशींवर तो नसल्यास किंवा अत्यल्प असल्यास त्या प्रकाराला ‘पॅरा-बॉम्बे’ म्हणतात. संदिग्ध प्रकरणांत जनुकीय तपासणी केली जाते.

निदान चुकल्यास

चुकीचे रक्त चढल्यास प्रतिपिंडे दात्याच्या पेशी रक्तवाहिन्यांतच फोडू लागतात. थंडी वाजून ताप येणे, कंबर किंवा छातीत दुखणे, लघवी गडद होणे, रक्तदाब उतरणे ही त्याची लक्षणे होत. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडू शकते. भूल दिलेल्या रुग्णाला त्रास सांगता येत नाही. त्यामुळे रक्तदाबातील घसरण वा लघवीचा रंग हाच पहिला इशारा ठरतो. अशा वेळी रक्त तत्काळ थांबवून सलाइन सुरू ठेवणे, पिशवी व रुग्णाचा नवा नमुना रक्तपेढीकडे पाठवणे आणि मूत्रपिंडांचे रक्षण करणे, हा उपचारक्रम असतो. जुळणी चाचणी पूर्ण होऊ दिली, तर हा प्रसंग टाळता येतो. कारण रुग्णाचा गट चुकीचा नोंदलेला असला, तरी त्या चाचणीत विसंगती उघड होते.

उपचाराचे मार्ग

निदान झाल्यावर डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न रक्त कोठून आणायचे, हा नसून ते खरोखरच लागणार आहे का, हा असतो. शस्त्रक्रिया नियोजित असेल, तर लोह आणि आवश्यकतेनुसार एरिथ्रोपोएटिन देऊन हिमोग्लोबिन आधीच वाढवले जाते. प्रकृती अनुकूल असल्यास रुग्णाचे स्वतःचे रक्त काही आठवडे आधी काढून ठेवता येते. काही शस्त्रक्रियांत वाहिलेले रक्त यंत्राने गोळा करून, धुऊन परत देण्याची सोयही वापरता येते.

दात्याचे रक्त अपरिहार्य असेल, तर ‘आरएच’ घटकही जुळवावा लागतो. त्यामुळे बॉम्बे गटाच्या आणि ‘आरएच निगेटिव्ह’ असलेल्या रुग्णासाठी शोध आणखी अवघड होतो. तांबड्या पेशी पोषक द्रावणात शीतकपाटात ठेवल्यास साधारण ४२ दिवस टिकतात. ग्लिसरॉल मिसळून उणे ६५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गोठवल्यास त्या १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. मात्र ही सुविधा मोजक्याच ठिकाणी आहे आणि गोठवलेल्या पेशी वितळवून, धुऊन झाल्यावर सामान्यतः २४ तासांत वापराव्या लागतात. म्हणून प्रत्यक्षात भिस्त साठ्यापेक्षा दात्यांवर अधिक असते.

भारतात पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचे, तर महिलांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. एखाद्या शहरातील ठाऊक असलेल्या दोन-तीन दात्यांनी नुकतेच रक्त दिले असेल, तर गरज पडल्यावर दुसऱ्या राज्याकडे वळण्यावाचून पर्याय उरत नाही. या कारणाने बॉम्बे गटाच्या दात्यांनी नेहमीच्या शिबिरात रक्त देण्याऐवजी नोंदणी करून बोलावणे आल्यावर यावे, असा सल्ला दिला जातो. त्यांच्या पेशी ‘ओ’ गटाच्या रुग्णालाही चालतात. पण तिथे गेलेली पिशवी बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी उरत नाही.

नोंदवहीचे महत्त्व

मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. गुंतागुंतीच्या नमुन्यांचे निदान आणि दुर्मीळ दात्यांची सूची ही कामे तेथे होतात. जागतिक पातळीवर ब्रिटनमधील ब्रिस्टल येथून दुर्मीळ दात्यांची आंतरराष्ट्रीय सूची चालवली जाते.

दहा हजारांत एक हे प्रमाण देशभर लागू धरले, तर भारतात या गटाच्या लाखाहून अधिक व्यक्ती असायला हव्यात. त्यांतील बहुतेकांच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले असणार, हे निदानपद्धतीवरूनच स्पष्ट होते. टंचाई आहे ती दात्यांची, त्याहूनही अधिक त्यांच्या ओळखीची.

कुटुंबाची तपासणी

रुग्णाचे निदान झाल्यावर सख्ख्या भावंडांची तपासणी सर्वांत आधी करतात. आईवडील दोघेही एकेका निकामी प्रतीचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यात हा गट येण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांमुळे ही शक्यता वाढते. रुग्ण आणि दाता एकाच घरात सापडण्याचे प्रसंग त्यामुळेच घडतात.

या निदानाला आणखी एक कौटुंबिक बाजू आहे. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत ‘ए’ वा ‘बी’चे जनुक झाकलेले असू शकते आणि ते अपत्यात प्रकट होते. कागदोपत्री ‘ओ’ असलेल्या दांपत्याचे मूल ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे निघाले, तर केवळ त्यावरून पितृत्वाविषयी शंका घेणे शास्त्राला धरून नाही.

प्रत्येक ‘न जुळणारे’ रक्त बॉम्बे नसते

कर्नाटकातील कोलारच्या एका महिलेचा रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ होता, तरी ‘ओ’ गटाचे रक्त तिला जुळले नाही. नातेवाइकांचेही रक्त न जुळल्याने डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रिया रक्त न चढवता पार पाडली. बंगळुरू आणि ब्रिस्टल येथील तपासण्यांतून तिच्या रक्तात क्रोमर रक्तगटप्रणालीतील, तोवर अज्ञात असलेला प्रतिजन उघड झाला. २०२५ मध्ये त्याचे ‘सीआरआयबी’ हे नाव जाहीर झाले. त्यातील शेवटची दोन अक्षरे इंडिया आणि बंगळुरूची आद्याक्षरे आहेत.

काय लक्षात ठेवावे

रक्तगटाचा अहवाल घेताना उलट तपासणी झाली आहे का, हे ‘ओ’ गटाच्या व्यक्तींनी विचारून घ्यावे. बॉम्बे गट निश्चित झालेल्यांनी त्याचा स्पष्ट उल्लेख असलेले ओळखपत्र जवळ बाळगावे, भावंडांची तपासणी करून घ्यावी आणि दुर्मीळ दात्यांच्या सूचीत नाव नोंदवावे. या गटाच्या गर्भवतींनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना याची कल्पना द्यावी, म्हणजे प्रसूतीपूर्वी दात्यांशी संपर्क साधण्यास पुरेसा अवधी मिळतो.