पायरी-पायरीने आलेली अक्षरे

आमच्या बार्शीटाकळीच्या जुन्या हेमाडपंती देवळात एक शिलालेख आहे. दगडावरचे अक्षर एकदा कोरले की कोरले. लिपीत पुढे काही नवे आले तरी दगडाला त्याचे सोयरसुतक नसते. संगणकाचे तसे नाही. तिथे नवे अक्षर दिसायचे, तर यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, वेळोवेळी नवी करावी लागते.

ही प्रणाली विकतच घ्यावी लागते, असा पुष्कळांचा समज आहे. पण १९९३ साली इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने ‘डेबियन’ सुरू केली. ती फुकट मिळते आणि तिची घडण कुणालाही वाचता, बदलता येते. १९९९च्या आवृत्तीत तिला ‘ॲप्ट’ हे साधन मिळाले. सगळे पुसून नव्याने मांडण्याऐवजी, चालत्या यंत्रावरच जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत जाणे त्याने सोपे झाले. डेबियनवर आधारलेली ‘उबुंटू’ ऑक्टोबर २००४मध्ये आली. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, हा तिचा नेम. २०११पर्यंत तिच्या सीडी टपालानेही फुकट मिळत.

आता आपल्या लिपीचे पाहा. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ युनिकोडच्या जागतिक तक्त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ साली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला निघालेल्या उबुंटूत ते हजर होते! ज्याने आवृत्ती बदलली, त्याला ते छदामही न मोजता मिळाले. जुन्यावरच राहिलेल्याच्या पडद्यावर अशा अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसे.

या प्रवासाची शिस्त मात्र पाळावी लागते. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही, पायरी-पायरीनेच चढायचे. आवृत्तीची मुदत संपली की सुरक्षेची डागडुजी थांबते, म्हणून फार मागे रेंगाळूही नये. आणि निघण्याआधी आपल्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

मराठीला आणखी एक जोखीम आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर प्रणाली बदलल्याने आपोआप युनिकोडमध्ये येत नाही. तो फॉन्ट हरवला, की कविता असो वा सातबारा, उरतात ती निरर्थक इंग्रजी चिन्हे. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा, मगच पुढची पायरी चढावी. प्रणाली पुन्हा फुकट मिळेल. आपले लिहिलेले पुन्हा मिळेलच असे नाही.