आठवड्याला एक पेनी

मेथडिस्ट पंथ इतका पसरला कसा, असं विचारलं की जॉन वेस्लीच्या प्रवचनांकडे बोट दाखवलं जातं. मला त्याचं उत्तर वसुलीच्या वहीत जास्त दिसतं.

१७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या मंडळींपुढे प्रश्न होता 'न्यू रूम' या सभागृहावरच्या कर्जाचा. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना आली. पण गरिबांचं काय? त्यावर कॅप्टन फॉय म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं नाही तर त्यांचे पैसे मी भरतो. इतरांनीही तसंच करावं.

झालं, बारा-बारा जणांचे गट पडले आणि प्रत्येक गटाचा म्होरक्या दर आठवड्याला दारोदार फिरू लागला. आपल्याकडे पिग्मी एजंटाला घराघरातली बातमी असते, तसंच इथेही झालं. कोण पितो, कोण बायकोशी भांडतो, हे कळायला लागलं. आपल्याला हवं होतं ते हेच, हे वेस्लीने लगेच ओळखलं. पुढे घरोघरी फिरण्याऐवजी गट एकत्र बसू लागले. तिथे प्रत्येकाने आपलं मन कुठे आहे ते बोलायचं. म्होरक्या पाद्री नसे, साधा कारागीर असे. बायकाही गट चालवत.

वागणूक नीट असेल तर दर तिमाहीला सभासदत्वाचं तिकीट मिळे. नसेल तर नाव कटायचं. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलला काढून टाकलेल्या ६४ जणांचा हिशेब वेस्लीच्या रोजनिशीत आहे: दारूबाजीसाठी १७, बायकोला मारल्याबद्दल एक, आळसासाठी एक. आणि सगळ्यात जास्त, २९ जण, निव्वळ बेफिकिरीसाठी! ही पाळत आज कुणालाही जाचेल. तरी लोक येत राहिले. दर आठवड्याला आपली विचारपूस करणारं माणूस गिरणी-खाणीतल्या मजुराला दुसरीकडे कुठे भेटणार होतं?

जॉर्ज व्हाइटफील्ड वेस्लीपेक्षा मोठा वक्ता होता, हजारोंच्या सभा गाजवायचा. मात्र असे गट बांधण्यात त्याने लक्ष घातलं नाही, आणि इंग्लंडात त्याच्या श्रोत्यांचा तेवढा मोठा पंथ झाला नाही.

वेस्लीने लोकांना बोलतं केलं, पण कारभार मात्र स्वतःच्या मुठीत ठेवला. म्होरके वरून नेमले जात. तो १७९१ मध्ये वारला आणि सहाच वर्षांत अलेक्झांडर किल्हमने वेगळी चूल मांडली. त्याच्या गटाची मागणी होती की कारभारात सामान्य सभासदांनाही आवाज हवा.