फाटलेले फर्मान कोण जोडणार?

सातारा-सांगली भागातील काजी, मुजावर, खतीब अशा जुन्या घराण्यांत आजही कागदांची बासने सापडतात. इनामाच्या सनदा, महजर, फर्माने. वाई, कऱ्हाड, मिरज हा सारा मुलूख आदिलशाहीत होता. 1686 साली विजापूर पडले, तरी नंतरच्या राज्यकर्त्यांनी अनेक जुनी इनामे चालू ठेवली. या मातीत आपले बुजुर्ग कधीपासून आहेत आणि काय करीत होते, याचा हा लेखी पुरावा आहे. पण आज तो तुकड्यांत आहे.

कसर आणि वाळवीने तो खाल्ला. चिकटवून लांब केलेल्या कागदांची खळ सुटली, जोड निसटले. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. आणखी एक कारण आपल्याच अदबीतून येते. अरबी वळणाचे अक्षर दिसले की तो कलामे-पाक समजून जीर्ण कागद नदीत, विहिरीत ठंडा केला जातो. अदब योग्यच, पण तिच्याबरोबर जमिनीचे फारसी फर्मानही वाहून जाते.

अशाच अदबीने येमेनमधील सनाच्या जामा मशिदीत कुरआनची जीर्ण पाने पाण्यात न सोडता जपून ठेवलेली होती. 1972 साली दुरुस्तीच्या वेळी ती हाती आली. हजारो तुकडे, आणि ते जवळपास एक हजार वेगवेगळ्या प्रतींचे निघाले. दुसरे उदाहरण बर्मिंगहॅमचे. तेथील दोन पानांचे चामडे इ.स. 568 ते 645 या काळातील असल्याचे 2015 साली जाहीर झाले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील 16 पाने त्याच मुसहफची आहेत, असे अभ्यासक मानतात. दोन देशांतील पाने प्रत्यक्षात एकत्र आणणे कठीण. संगणकाच्या पडद्यावर मात्र ती शेजारी ठेवता येतात.

हेच काम आपल्या फर्मानांवर करता येईल. प्रत्येक तुकडा मोजपट्टी शेजारी ठेवून, एकाच मापात, दोन्ही बाजूंनी स्कॅन करावा. मग फोटोशॉपमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये प्रत्येक तुकडा वेगळ्या थरावर ठेवावा. थर फिरवता येतो, सरकवता येतो, आणि मूळ कागदाला पुन्हा पुन्हा हात लावावा लागत नाही. कडा जुळतात का, हातकागदातील जाळीच्या रेषा एका ओळीत येतात का, मोहरेचे अर्धे वर्तुळ पुरे होते का, हे पाहावे. कसरीची भोकेही साक्ष देतात. गुंडाळलेल्या कागदात कीड आरपार जाते, म्हणून तेच भोक ठराविक अंतराने पुन्हा दिसते आणि गुंडाळीच्या आतल्या टोकाकडे ते अंतर कमी होत जाते.

शेवटचा कौल मात्र मजकुराचा. अनेक आदिलशाही फर्मानांत वर फारसी आणि खाली मोडीत मराठी मजकूर असतो. मोडी भागात साल अरबी शब्दांत येते. ‘खमस अर्बैन अलफ’ म्हणजे पाच, चाळीस आणि हजार. शुहूर सन 1045, अर्थात इ.स. 1644-45. यातला ‘अर्बैन’ फाटून गेला तर साल कळणार नाही. तेव्हा फारसी भागातील साल पाहावे लागते. फारसीत गावाचे नाव तुटले असेल तर ते मोडीत सापडू शकते. दोन्ही अर्धे वाचल्याखेरीज कागद पुरा होत नाही.

येथे एक पथ्य कडक पाळावे. संगणकात गळालेले अक्षर सहज रंगवता येते, शेजारची शाई उचलून भोक बुजवता येते. ते करू नये. गेलेली जागा कोरीच दाखवावी आणि मूळ स्कॅन वेगळे जपावे. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा समाधानकारक पुरावा देता न आल्याने अनेकांची इनामे गेली. सजवलेला कागद उद्या खऱ्या कागदावरही संशय आणील. जोडलेले चित्र अभ्यासासाठी. हक्काच्या कामात मूळ कागदच पुढे करावा.

मिरजेत शिक्षकी करीत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. पुण्यात ग. ह. खरे फारसी शिकले आणि त्यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड प्रसिद्ध केले. त्यांनी आपली अर्धी बाजू शिकून घेतली. आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक; फारसी लिपी आम्हाला परकी नाही. शिकस्ता खत वाचायला सराव लागेल, मोडीला काही महिने लागतील. एवढे कष्ट आम्ही घेतले पाहिजेत. आणि घरोघरच्या बुजुर्गांना आमची विनंती आहे: जुना कागद ठंडा करण्यापूर्वी तो एकदा कुणा वाचणाऱ्याला दाखवा.