अँड्रॉइड की आयओएस? ‘वापर’ मोजतात तरी कसा

‘लोक अँड्रॉइड जास्त वापरतात की आयओएस?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, वापर म्हणजे नक्की काय? कारण या नावाखाली तीन वेगळे आकडे फिरत असतात.

१. विक्री : एका तिमाहीत कंपनीने किती नवे फोन बाजारात पाठवले, एवढंच यात कळतं. ताईचा जुना फोन आता आई वापरते, ते यात येत नाही.

२. चालू उपकरणं : गुगलने मे २०२१ मध्ये ३ अब्ज चालू अँड्रॉइड उपकरणं असल्याचं सांगितलं, ॲपलने २०२३ च्या सुरुवातीला २ अब्ज. पण ॲपलच्या आकड्यात मॅकसुद्धा आहेत. म्हणजे थेट तुलना होत नाही.

३. वेबवरचा वापर : स्टॅटकाउंटरसारख्या सेवा पेज व्ह्यू मोजतात, माणसं नाही. एकाने शंभर पानं उघडली काय किंवा शंभर जणांनी एकेक उघडलं काय, आकडा तोच. दिवसभर फक्त व्हॉट्सॲपवर असणारा माणूस यात दिसतच नाही.

तिसऱ्या आकड्यात आणखी एक गोची आहे. ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःची ओळख पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आलं आणि तेव्हापासून बहुतेक आयपॅडवरची सफारी स्वतःची ओळख ‘मॅक’ अशी देते. साइटचं मोठं, डेस्कटॉपचं रूप मिळावं म्हणून. आकडेवारीत मात्र हे टॅबलेट कॉम्प्युटर म्हणून जमा होतात.

यात मी स्वतः फसलोय. आमच्या फॉर्मवर टॅबलेट जवळजवळ शून्य दिसले, म्हणून सहीच्या चौकोनातला बोटाने लिहायचा कोड मी काढून टाकला. आठवड्याभरात तक्रारी सुरू : सही करायला गेलं की पानच सरकतं! ते सगळे आयपॅडवाले होते, आणि ऐन शेवटच्या तारखेला त्यांचे फॉर्म अडकले.

उपाय सोपा होता. एका वेळी किती बोटं ओळखतोस, हे ब्राउझरला विचारता येतं (मॅक्सटचपॉइंट्स). मॅक ० सांगतो, आयपॅड ५.

तेव्हा पुढच्या वेळी असा तक्ता दिसला की आधी बघा : काय मोजलंय, कोणाचं, आणि उपकरण ओळखलं कसं? विशेषतः त्या आकड्यावरून तुम्ही एखादी सोय बंद करणार असाल तर.