शिंगाआडचे रंग

बैलाच्या शिंगात वाघ, हरणे अन् फुले दडलेली असतात, असे कुणी म्हटले तर आपण हसू. पण कोरियात जोसन राजवटीतल्या (१३९२–१९१०) कारागिरांनी ते खरे करून दाखविले. या कलेचे नाव ह्वागाक. शिंग उष्णतेने मऊ करून सपाट करायचे, आरपार दिसेपर्यंत तासायचे आणि चित्र रंगवायचे ते मागच्या बाजूने! आधी रेषा, मग रंग. रंगीत बाजू आत घेऊन तो पापुद्रा लाकडी पेटीवर सरसाने चिकटवायचा. खानदानी घरांतल्या स्त्रियांचे शिवणकाम अशा पेट्यांत राही. कितीही हात फिरले, तरी रंगाला बोट लागत नसे. कलाच पुसत चालली, तेव्हा १९९६ साली दक्षिण कोरियाने तिला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. रंगांना शिंगाने राखले; कारागिराला मात्र माणसांनीच राखायला हवे.